गोष्ट सांगतंय कोण?

(एचएसआर लेआउट, बेंगळुरू इथे स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सभागृहाच्या दारावर आजच्या कार्यक्रमाची पाटी दोन भाषांत लावली आहे. वर मराठीत ‘व्याख्यान’ आणि खाली कन्नडमध्ये ‘उपन्यास’. आत येताना एक तरुण गृहस्थ बायकोला विचारत होते, आज कादंबरीचं वाचन आहे का? ते इंदूरकडे वाढलेले असावेत. त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. हिंदीत आणि बंगालीत उपन्यास म्हणजे कादंबरी. कन्नड आणि तेलुगूत उपन्यास म्हणजे व्याख्यान. इथल्या कॉलेजात शिकवणाऱ्याला ‘उपन्यासक’ म्हणतात. मग कन्नड माणूस कादंबरीला काय म्हणतो? आपल्यासारखंच, कादंबरी. बाणभट्टानं सातव्या शतकात एका गद्यकथेच्या नायिकेचं नाव पुस्तकाला दिलं. त्या बाईचं नाव मराठीत आणि कन्नडमध्ये साऱ्या साहित्यप्रकाराचंच नाव होऊन बसलं. नागवर्म्यानं तर हजारेक वर्षांपूर्वी ‘कर्नाटक कादंबरी’ लिहून ही कथा कन्नडमध्ये चंपूच्या रूपात आणली. चंपू म्हणजे गद्य आणि पद्य यांची एकत्र गुंफण. याच बेंगळुरात शहाजीराजांचा दरबार भरत असे. त्यांच्या गौरवासाठी जयराम पिंड्ये यांनी रचलेला ‘राधामाधवविलासचंपू’ हाही चंपूच. इतिहासाचार्य राजवाड्यांनी तो १९२२ साली छापून मराठी वाचकांपुढे ठेवला. म्हणजे आज ज्या शब्दांबद्दल मला बोलायचं आहे, ते या मातीत फार पूर्वीपासून नांदत आहेत. आपण ते पुण्याहून ट्रंकेत भरून आणलेले नाहीत.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्या बाईंनी आपल्या नावाची पाटी कुठेही लावायची नाही असं घरच्यांना सांगून ठेवलं होतं. म्हणून मीही नुसतं ‘बाई’ म्हणेन. इथल्या बहुतेकांना त्या ठाऊक आहेत. दर शनिवारी संध्याकाळी त्यांच्या हॉलमध्ये सतरंजीवर मराठीचा वर्ग भरायचा. भिंतीला पुस्तकांचं कपाट होतं आणि त्यातलं कुठलंही पुस्तक कुणीही घरी न्यावं अशी मुभा होती. मी त्यांच्याकडून नेलेल्या पहिल्याच पुस्तकात समासात बारीक पेन्सिलीनं एकच शब्द पुन्हा पुन्हा लिहिलेला दिसला: ‘कोण?’ कुठे परिच्छेदाच्या सुरुवातीला, कुठे एखाद्या वर्णनाशेजारी. मी विचारलं, तेव्हा म्हणाल्या, “गोष्ट सांगतंय कोण, हे मी स्वतःला विचारत राहते. तेवढं कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं.” आजचं माझं सगळं बोलणं बाईंच्या या एका वाक्यावर उभं आहे.

आपली मुलं शाळेत इंग्रजीच्या तासाला प्लॉट, सेटिंग, कॅरेक्टर, कॉन्फ्लिक्ट, थीम, फोरशॅडोइंग असे शब्द शिकतात. मागच्या वर्षी आमच्याच इमारतीतली आठवीतली मुलगी माझ्याकडे वही घेऊन आली होती. तिला आजीला समजावून सांगायचं होतं की तिनं लिहिलेल्या गोष्टीत फोरशॅडोइंग आहे, आणि त्यासाठी मराठी शब्द हवा होता. मी ‘पूर्वसूचन’ सांगितला. तिनं तो वहीत लिहून घेतला आणि विचारलं, “पण काका, सूचना देतं कोण?” त्या मुलीनं बाईंना कधी पाहिलेलंही नव्हतं.

शाळेतल्या त्या यादीतल्या पहिल्या शब्दापासून सुरुवात करू. प्लॉट म्हणजे कथानक. गोष्ट आणि कथानक यांत फरक काय, हे समजून घ्यायला आपण राहतो त्या भागाइतकं चांगलं उदाहरण सापडणार नाही. एचएसआर म्हणजे होसूर-सर्जापूर रोड. अगरा हे गाव आणि अगरा तळं आधीपासून होतं, शेतं होती, पायवाटा होत्या. पुढे बीडीएनं, म्हणजे बेंगळुरू विकास प्राधिकरणानं, सेक्टर आखले, मेन आणि क्रॉस रस्ते काढले, साइटी म्हणजे भूखंड पाडले. जमीन तीच, पण आता कुठून कुठे जाता येतं, कुठलं घर कुठल्या रस्त्याकडे तोंड करून उभं आहे, काय आत आलं नि काय बाहेर राहिलं, हे ठरून गेलं. लेआउट म्हणजे आखणीच की. कथा ही जमीन आणि कथानक हा लेआउट. पात्राच्या आयुष्यात घडलेल्या सगळ्या गोष्टी घडल्या त्या क्रमानं मांडल्या तर ती कथा होईल. त्यांतलं काय निवडायचं, कुठून सुरुवात करायची, कशामुळे काय घडलं हे कुठे उघड करायचं आणि कुठे झाकून ठेवायचं, हे ठरलं की त्याचं कथानक होतं. कार्यकारणाचे रस्ते त्यातच काढले जातात. आणि आखणी म्हटली की कुणीतरी आखणारा आलाच. मेन रोडवरून दिसणारं गाव वेगळं आणि तळ्याच्या बांधावरून दिसणारं वेगळं.

कथा आणि कथानक यांतला हा भेद ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या क्लार्क व्याख्यानमालेत मांडला आणि तेव्हापासून जगभरच्या वर्गांत तो शिकवला जातो. आपल्यासाठी त्यात जवळिकीची एक गोष्ट आहे. ही व्याख्यानं देण्याच्या सहा वर्षं आधी, १९२१ साली, फॉर्स्टर देवास थोरली पातीच्या महाराजांचे, म्हणजे तुकोजीराव पवारांचे खाजगी चिटणीस होते. एका मराठा संस्थानात त्यांनी दरबार पाहिला, उत्सव पाहिले, रोज नवी हकिकत सांगणारी माणसं पाहिली. पुढे १९५३ साली त्या दिवसांवर पुस्तकही लिहिलं. देवासात एकाच प्रसंगाच्या चार हकिकती कानावर पडल्या नसतील तरच नवल.

आपल्याकडे कथेच्या तंत्राची शिस्तशीर चर्चा ना. सी. फडक्यांनी केली. त्यांचं ‘प्रतिभासाधन’ १९३१ सालचं. त्याआधी कित्येक शतकं भरताच्या नाट्यशास्त्राचे शब्द होतेच: बीज, बिंदू, पताका, प्रकरी, कार्य, आरंभापासून फलागमापर्यंतच्या पाच अवस्था. आज ज्याला आपण उपकथानक म्हणतो, त्याला भरतानं पताका म्हटलं होतं. उत्कर्षबिंदू, गुंतागुंत, उकल यांवर मी आज वेळ घालवणार नाही. शिकवायला सोपे असल्यामुळे हे शब्द परीक्षेत हमखास येतात. पण चांगली कथा वाचताना माझ्या मनात यांतला एकही शब्द आधी येत नाही, आणि बाईंच्या समासांतही यांतला एकही नाही. गाडगीळ, गोखले, भावे, माडगूळकर यांच्या पिढीनं नवकथा लिहिली, तेव्हा फडक्यांच्या रेखीव तंत्राची चौकट त्यांना पुरेना. कथेतून बोलणारा आवाज बदलला, आणि त्याच्याबरोबर आखणीही बदलली.

हा आवाज म्हणजे निवेदक. मराठीत हा शब्द मोठा सुंदर आहे आणि आपण तो वापरून गुळगुळीत केला आहे. निवेदक म्हटलं की आकाशवाणीवरचा किंवा कार्यक्रमाचं सूत्रसंचालन करणारा माणूस आठवतो. पण ‘निवेदन’ आपण आणखी कुठे देतो? कलेक्टर कचेरीत. तिथे निवेदन कुणीतरी कुणालातरी देतं, काहीतरी मागण्यासाठी. कथेतलं निवेदनही तसंच असतं. सांगणारा असतो, त्याच्यासमोर ऐकणारा असतो आणि सांगण्यामागे गरज असते. या तिघांना ओळखायचं म्हणजे अर्धी कथा समजून घ्यायची.

हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ घ्या. ‘करमणूक’ साप्ताहिक १८९० साली सुरू झालं आणि ही कादंबरी त्यातून क्रमशः आली, पुस्तक १८९३चं. पुण्यातल्या एका सुशिक्षित पुरुषानं आपली लेखणी यमूच्या हातात दिली. सगळी हकिकत यमू स्वतः सांगते. इथे त्या आठवीतल्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर आहे. कादंबरीत दोन यमू आहेत. एक खेळणारी, सासरी जाणारी, नवऱ्याबरोबर मुंबईत थोडे सुखाचे दिवस काढणारी. दुसरी सगळं भोगून झाल्यावर लिहायला बसलेली, वैधव्यात केस उतरवले गेलेली. पहिलीला पुढचं काही ठाऊक नाही, दुसरीला सगळं ठाऊक आहे. पहिली हसते तेव्हा दुसरीचा हात थबकतो, आणि तिच्या शब्दांवर येऊ घातलेल्या काळाची सावली पडते. हेच पूर्वसूचन. लेखकानं वरून टाकलेली ती क्लृप्ती नाही. सांगणारीच्या आणि भोगणारीच्या मध्ये जी वर्षं आहेत, त्या वर्षांतून ते उगवतं. ते अंतर काढून टाका, यमूला रोजनिशी लिहायला लावा, आणि पूर्वसूचन नाहीसं होईल. आणि ऐकणारा? तो तर शीर्षकातच उभा आहे. प्रश्न त्यालाच विचारलेला आहे.

एकदा हे लक्षात आलं की मराठी कादंबरीचा इतिहास वेगळाच दिसू लागतो. वामन मल्हार जोशींची ‘इंदु काळे व सरला भोळे’ १९३४ची, सगळी पत्रांतून. तिथे आपल्याशी थेट कुणीच बोलत नाही. प्रत्येक पत्राला आपला नेमका वाचक आहे आणि आपण दुसऱ्याचं टपाल उघडून बसलेलो असतो. एकच माणूस एका पत्रात जे लिहितो, ते दुसऱ्या पत्रात लिहीत नाही, का ते आपण ताडायचं. खांडेकरांच्या ‘ययाती’त (१९५९) ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीनं आपापली बाजू मांडतात, ‘मृत्युंजय’नं (१९६७) ही रीत आणखी फैलावून कर्णाबरोबर कुंती, वृषाली, शोण, दुर्योधन आणि कृष्ण यांनाही बोलतं केलं. गिरीश कर्नाड आयुष्याची अखेरची वर्षं याच शहरात राहिले. त्यांचं कन्नड नाटक ‘ययाति’ १९६१चं. विषय तोच, पण नाटकात निवेदक नाही. तिथे ययातीला आपली सफाई द्यायला वाचकाचा कान मिळत नाही, मुलाचं तारुण्य मागताना तो आपल्या डोळ्यांपुढे उभा असतो. एकच आख्यान ‘मी’नं सांगितलं तर कबुलीजबाब होतं, रंगमंचावर आणलं तर खटला. साहित्यप्रकार बदलला की न्याय करायची जागाही बदलते, हे या दोन ‘ययातीं’नी मला शिकवलं.

‘दृष्टिकोन’ ही संज्ञा आपण पाश्चात्त्यांकडून घेतली असं मानलं जातं. पण महानुभावांच्या ‘दृष्टांतपाठा’त, तेराव्या शतकातल्या मराठी गद्यात, हत्ती पाहायला गेलेल्या जन्मांधांचा दृष्टांत आहे. कुणाच्या हाती पाय लागतो, कुणाच्या हाती कान. केसोबासांनी या ग्रंथाची रचनाही किती काटेकोर केली आहे पाहा: आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक, म्हणजे दृष्टांताचा उलगडा. सूत्र आणि दृष्टांत पंथप्रवर्तक चक्रधरांचे, दार्ष्टांतिक केसोबासांचं. म्हणजे बोलणारा कोण आणि उलगडून सांगणारा कोण, याची नोंद आपल्या अगदी सुरुवातीच्या गद्यानं वेगवेगळी ठेवली. मराठीच्या वर्गात हे पहिल्या आठवड्यात शिकवायला हवं असं मला मनापासून वाटतं.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) हे बाईंचं सर्वांत लाडकं पुस्तक. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर नेमणूक झालेला कोवळा मास्तर ही गोष्ट सांगतो. तो बाहेरचा आहे. मेंढरांची भाषा, कारभाऱ्याचा दरारा, रामोशाचं वागणं हे त्याला हळूहळू कळत जातं, आणि त्याच्याबरोबर आपल्याला. कारभाऱ्यानं ही गोष्ट सांगितली असती तर त्याला वाडीचं वर्णन करायची गरजच पडली नसती. आपण रोज पाहतो ते कोण कुणाला सांगतं? मास्तर परका असल्यामुळे वाडी दिसते. दुष्काळात वाडी ओस पडते तेव्हा तो निघून जाऊ शकतो, आणि जाऊ शकणाऱ्याच्या आवाजातच ती ओस वाडी इतकी बोचते. इथे बसलेल्या बहुतेकांना हा मास्तर ओळखीचा वाटेल. आपणही नेमणुकीवर आलेली माणसं आहोत, भाजीवाल्याशी बोलता यावं म्हणून कन्नड आकडे पाठ केलेली.

आता पात्र. फॉर्स्टरनी पात्रांचे दोन प्रकार सांगितले: सपाट आणि गोलाकार. मराठीत हे शिकवताना आपण हेच भाषांतर गिरवतो, पण आपल्या दोन शब्दांकडे पाहत नाही. एक शब्द ‘व्यक्तिरेखा’. रेखा म्हणजे रेघ. चारदोन फटकाऱ्यांत माणूस उभा करणं. दुसरा शब्द ‘पात्र’. पात्र म्हणजे भांडं, ज्यात काही ओतता येतं. नदीचंही पात्र असतं. नदी पात्राला घडवते आणि पात्र नदीला वळवतं. घटना माणसातून वाहत जाते, त्याला कुठे खरवडते, कुठे गाळ ठेवून जाते, आणि माणसामुळे घटना दिशा बदलते. रेखा हीन आणि पात्र श्रेष्ठ असं मात्र मी म्हणणार नाही. माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ (१९४९) ही रेखांचीच किमया आहे. एका पानात माणूस उभा राहतो आणि जन्मभर आठवतो. रेघेला पात्राचं काम लावलं, किंवा दोन दिवसांच्या पुरासाठी नदीचं पात्र खणलं, की मग कथा फसते. आणि इथेही बाईंचा प्रश्न लागू पडतो. एखादं माणूस कथेत सपाट दिसतं, ते मुळातच तसं आहे की सांगणाऱ्यानं त्याच्याकडे एवढंच पाहिलंय? सासू-सुनेच्या गोष्टींत सासू नेहमी सपाट का असते, याचा विचार करून पाहा.

वातावरण या शब्दाकडे आता जरा थांबून बघू, कारण इथल्या मुलांच्या लिखाणात मला सर्वांत जास्त चूक याच ठिकाणी दिसते. सत्ताविसावा मेन, अमुक क्रॉस, सेक्टर दोन हा पत्ता झाला. कथेत पत्ता आला म्हणजे वातावरण आलं असं होत नाही. जागा पात्रावर दाब टाकू लागली की वातावरण तयार होतं. उन्हाळ्यात पहाटे चारला पाण्याचा टँकर येतो, त्याची मोटर सुरू होते आणि झोप मोडलेले दोघं नवरा-बायको अंधारात एकमेकांशी न बोलता पडून राहतात. टँकरशिवाय त्या दोघांमधली शांतता सांगता आली नसती, तर टँकर कथेत हवा. सांगता आली असती, तर तो नुसता बेंगळुरूचा पुरावा.

बेंगळुरूतलं वातावरण कथेत कसं मुरतं याचा उत्तम नमुना विवेक शानभाग यांच्या ‘घाचर घोचर’ या कन्नड लघुकादंबरीत आहे. ती २०१३ सालची. निवेदकाला नाव नाही. तो कॉफी हाउसमध्ये येऊन बसतो, तिथल्या व्हिन्सेंट नावाच्या वेटरच्या चार शब्दांत त्याला दिलासा मिळतो. आधी हे कुटुंब लहानशा घरात राहत होतं, मुंग्यांशी झगडत, एकमेकांना धरून. चिक्कप्पाचा, म्हणजे धाकट्या काकाचा मसाल्याचा धंदा चालला, पैसा आला, मोठं घर आलं, आणि घरात कुणी काय बोलायचं नि काय गिळायचं याचे नियम बदलले. ‘घाचर घोचर’ हा शब्द कुठल्याच कोशात नाही. निवेदकाच्या बायकोच्या माहेरी, लहानपणी पतंगाच्या मांज्याचा गुंता झाला की भावंडं तो वापरत. मुंग्या कथेत आधी वातावरण म्हणून येतात. त्या लहान घरात त्यांना मारताना हळूहळू मजा वाटू लागते, तिथे त्या वातावरण राहत नाहीत. या घराच्या हाताला काय सवय लागते आहे ते त्या दाखवू लागतात.

पण या पुस्तकाचा खरा पेच आहे निवेदक. तो मवाळ आहे, समजूतदार वाटतो, आपल्या घरच्यांबद्दल आपुलकीनं बोलतो. आपण त्याच्या बाजूनं होतो. मग वाचता वाचता लक्षात येतं की महत्त्वाच्या प्रत्येक क्षणी हा माणूस गप्प राहिला आहे, आणि ते गप्प राहणं तो आपल्याला शहाणपण म्हणून सांगतो आहे. कादंबरी संपते तेव्हा काय घडलं असावं हे तो सांगत नाही. पानावर न लिहिलेलं ते आपल्या मनात उमटतं आणि हात गार पडतात. समीक्षेत अशा सांगणाऱ्याला अविश्वसनीय निवेदक म्हणतात. ही संज्ञा ऐकून विद्यार्थ्यांना वाटतं की निवेदक खोटं बोलतो. खोटं बोलणारा पकडता येतो. हा एकही वाक्य खोटं बोलत नाही. फक्त स्वतःकडे बघत नाही. त्याचं ऐकता ऐकता आपणही त्या घरातले एक होऊन जातो, ही या लेखकाची ताकद. हे पुस्तक वाचून झाल्यावर कितीतरी दिवस मी घरच्या जेवणाच्या टेबलावर कोण गप्प बसलंय ते पाहत होतो.

‘कोसला’तल्या (१९६३) पांडुरंग सांगवीकराचं बोलणंही याच अंगानं ऐकावं. ‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’ हे त्याचे शब्द महाराष्ट्रातल्या दोन पिढ्यांच्या तोंडी बसले. त्यांना लकब म्हणून हसणं सोपं आहे. तो निवेदकाचा सूर आहे. कशालाच पूर्ण महत्त्व द्यायचं नाही असं ठरवलेला माणूस प्रत्येक वाक्याला असं शेपूट लावतो. धाकटी बहीण मनी देवीच्या साथीत जाते, तिथे आपल्याला कळतं की हा सूर कशावरचं झाकण होतं.

निवेदकालाच बाजूला सारून थेट मनात शिरायचं, हा प्रयोगही मराठीत झाला. मर्ढेकरांच्या ‘रात्रीचा दिवस’नं (१९४२) संज्ञाप्रवाहाचं तंत्र मराठी कादंबरीत आणलं. मनातला प्रवाह ही कल्पना विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञाच्या १८९० सालच्या ग्रंथातली. जॉइस, वूल्फ यांच्या हाती तिचं कादंबरीचं तंत्र झालं. तेच १८९० हरिभाऊंच्या ‘करमणुकी’चं वर्ष. एका खंडात मनाच्या प्रवाहाला नाव मिळत होतं आणि दुसऱ्या खंडात यमू आपलं मन प्रथमच मोकळं करत होती. कन्नडमध्ये या तंत्राला ‘प्रज्ञाप्रवाह’ म्हणतात. भैरप्पांचं ‘पर्व’ १९७९चं, उमा कुलकर्णी यांच्यामुळे आपल्याला मराठीत मिळालेलं. त्यात कुंती, द्रौपदी, भीम यांच्या आठवणींतून महाभारत उलगडतं. देव-चमत्कार गळून पडतात, कारण आठवणारं मन चमत्कार आठवत नाही. घाम, भूक, अपमान आणि थकवा आठवतं.

मराठीनं मनातल्या या प्रवाहासाठी ‘संज्ञा’ हा शब्द निवडला याचं मला फार अप्रूप वाटतं. संज्ञा म्हणजे पारिभाषिक शब्द, आणि संज्ञा म्हणजे शुद्ध, जाणीव. संज्ञा हरपली म्हणजे माणूस बेशुद्ध झाला. मी आज ज्यांच्याबद्दल बोलतो आहे त्या संज्ञा पाठ करून दहा गुण मिळतील, त्याला माझी हरकत नाही. मात्र वाचताना शुद्धीवर राहायला त्यांनी मदत केली पाहिजे. बेशुद्धीत वाचलेल्या कथेत लेखक आपल्याला हवं तिकडे नेतो आणि आपल्याला वाटतं, आपण स्वतःच चालत आलो.

प्रतीकाविषयी थोडक्यात. शाळेत आम्हाला शिकवलं की पाखरू म्हणजे स्वातंत्र्य आणि दिवा म्हणजे ज्ञान. असा कोश हातात घेऊन जी. ए. कुलकर्णींकडे गेलात तर दार उघडणार नाही. धारवाडला कॉलेजात इंग्रजी शिकवत, कन्नड बोलणाऱ्या गावात राहून त्यांनी मराठी कथा लिहिली. ‘रमलखुणा’तल्या (१९७५) ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दीर्घकथांत वाट, नगर, दैवज्ञ, सगळं कशाचं तरी प्रतीक वाटतं आणि नेमकं कशाचं ते हाती लागत नाही. त्यांच्या ‘कैरी’त मात्र आईवेगळा मुलगा मावशीच्या घरी येतो आणि त्या मुलाच्या नजरेला जेवढं दिसतं तेवढंच आपल्याला मिळतं. मोठ्यांच्या जगातली क्रूरता त्याला नाव देऊन सांगता येत नाही. मग कैरी ही आधी खरोखरची कैरी असते, आंबट, हिरवी, मुलाच्या मुठीत. प्रतीक आधी वस्तू असावी लागते.

शेवटी पुन्हा बाणाच्या त्या कादंबरीकडे, जिच्या नावानं आपण या सगळ्याला ओळखतो. तिची गोष्ट सांगतंय कोण? एक पोपट. विदिशेच्या शूद्रक राजाच्या दरबारात एक चांडाळकन्या पिंजरा घेऊन येते आणि त्यातला पोपट राजाला हकिकत सांगू लागतो. त्या हकिकतीत जाबाली ऋषी आहेत, आणि खरी कथा ते सांगतात. पोपटानं ती त्यांच्या आश्रमात ऐकलेली. ऋषींच्या कथेत महाश्वेता भेटते आणि ती स्वतःचं दुःख स्वतःच्या तोंडानं सांगते. निवेदकाच्या पोटात निवेदक, त्याच्या पोटात आणखी एक. अखेरीला कळतं की पोपट ज्या कथेतल्या माणसांबद्दल बोलत होता त्यांतला एक तो स्वतःच होता, मागच्या जन्मी. आणि सिंहासनावर बसून कुतूहलानं ऐकणारा राजा हाच त्या कथेचा नायक. सांगणाराही आत होता आणि ऐकणाराही आत होता. ऐकणाऱ्या राजाला मात्र ते ठाऊक नव्हतं. नाट्यमय उपरोध म्हणून जे शिकवलं जातं, त्याचं इतकं पूर्ण रूप मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

आणि बाणाला ती कथा पुरी करता आली नाही. मध्येच तो गेला. पुढचा भाग त्याच्या मुलानं, भूषणभट्टानं लिहिला. बाप गेल्यावर त्याचं निवेदन मुलानं हाती घेतलं, पोपटाला तिथूनच बोलतं ठेवलं.

बाईंची ‘बनगरवाडी’ची प्रत मी आज त्यांच्या घरून मागून आणली आहे. ही त्यांची कितवी वाचणी होती कुणास ठाऊक. प्रत्येक वेळी त्या आधीच्या खुणा खोडून नव्यानं करत. या वेळच्या ‘कोण?’ पुस्तकाच्या मध्यापर्यंत आहेत. पुढची पानं कोरी आहेत आणि पेन्सिल खुणेसारखी त्याच पानात ठेवलेली आहे. त्यांच्या मुलानं सांगितलंय की पुस्तक कपाटात परत ठेवायचं नाही, कुणीतरी न्यावं. मी ते इथे टेबलावर ठेवतो. ती आठवीतली मुलगी दुसऱ्या रांगेत आजीशेजारी बसली आहे. पहिला हक्क तिचा.